आत्याबाई, तुमच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी

आत्याबाई, आता माझा हात धरायला तुमी नाहीत. बरंच झालं, असं म्हणणार होते, पण जीभ वळत नाही. इतकी वर्षं शेजारच्या सुशीलाबाईचं नाव माझ्या तोंडावर आलं रे आलं की तुमी माझं मनगट धरायचात आणि म्हणायचात, "जाऊ दे रत्ने." तुमी सासू, मी सून. मी आपली जाऊ द्यायची. आता कोण धरतंय बघते. तुमाला मातीत ठेवून घरी आले तेव्हाच उंबऱ्यावर ठरवलं होतं, त्या बाईला सोडायची नाही.

लोक येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि तुमचं कौतुक करायचे. "काय विश्वास होता बाईचा! कशाची म्हणून फिकीर नव्हती. सगळं देवावर सोडलेलं." मी पदर तोंडाला लावून मान हलवायची. त्यांना वाटायचं सून रडायली. रडत नव्हते हो, दात खात होते. तुमाला फिकीर नव्हती, कारण तुमच्या वाटणीची सगळी फिकीर मी करत होते. हे कुणी बोललं का? एकानंबी नाही.

पूर्णेत आपल्या गल्लीला नळ येतो तो त्याच्या मर्जीनं. कधी आठवड्यानं, उन्हाळ्यात तर कधी येईल त्याला धरबंध नाही. नदी गावाला खेटून वाहते आणि आमी नळाच्या तोटीकडं बघत बसतो. मी बोरीची पोर. लहानपणी आमच्या घरामागची विहीर माझ्या डोळ्यांदेखत आटली, माय डोक्यावर हंडा घेऊन कुठं कुठं फिरायची ते मी पाहिलंय. म्हणून मी भरून ठेवते. अंगणातलं निळं टिपाड, घागरी, कळश्या, बादल्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा. आणि तुमी? मी भरायची अन् तुमी वाटायचात. कुणी दारात रिकामी कळशी घेऊन नुसतं उभं राहिलं तरी तुमी टिपाडाचं झाकण काढायचात. मी झाकणाला साखळी घालून कुलूप लावलं, तर तुमी किल्ली मागून घेतलीत आणि त्या दिवसापासून कुलूप नुसतं लटकत राहिलं.

तुमची ती मान्नाची गोष्ट मला पाठ झाली होती. रानात देवानं लोकांना रोजच्यापुरतं अन्न दिलं, ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवलं त्यांच्या मडक्यात सकाळी किडे वळवळले. एकदा आपल्या टिपाडात डासांच्या अळ्या निघाल्या तेव्हा तुमाला काय आनंद झाला होता! मला हाताला धरून अंगणात नेलंत. "बघ, बघ रत्ने. शास्त्रात लिवलंय तसंच झालं का न्हाई?"

"ते मान्नाचे किडे नाहीत आत्याबाई, डासाच्या अळ्या हायत," मी म्हणलं. "फडकं बांधायचं राहिलं म्हणून झाल्या."

"मान्नाला तरी कुठं फडकं बांधलं होतं?" तुमी म्हणालात आणि हसत सुटलात. मला हसू आलं नव्हतं. आता येतंय, तर तुमी नाहीत.

आणि सुशीलाबाई. भिंतीला भिंत लागून घर, आपल्याच मंडळीतली, नवरा चर्चचा पंच. घर कसं, तर गल्लीत सगळ्यांत उंच जोत्याचं. आत जमिनीखाली हौद, असा की त्यात म्हैस बसंल. आणि नळाला मोटार. नळ आला की पलीकडून घुर्रर्र आवाज सुरू व्हायचा आणि आपल्या तोटीची धार बघता बघता दोऱ्यावाणी बारीक व्हायची. गल्लीच्या शेवटच्या घरांना तर नुसती हवा. सगळ्यांचं पाणी ओढून ही बाई हौद भरायची. मी नगरपालिकेत सांगायला निघाले होते, चप्पल पायात घातली होती. तुमी मनगट धरलंत.

"आपलं पाणी ओढायलीय ती, आत्याबाई!"

"ओढू दे. तिला तहान लय हाय."

"तहान? हौद हाय तिच्या घरी!"

"म्हणूनच म्हणायले," तुमी म्हणालात आणि परत तूर निवडायला बसलात. मला तेव्हा त्यातलं काहीच कळलं नाही, फक्त डोकं फिरलं.

पण त्याहून डोकं फिरायचं ते रविवारी. उपासनेत साक्षीची वेळ आली की सुशीलाबाई पुढच्या बाकावरून उठायची, डोक्यावर पदर, हात जोडलेले, आवाज असा की बाहेर रस्त्यावर ऐकू जावा. "सगळं गाव पाण्यासाठी बेजार हाय, पण देवाच्या दयेनं आमचा हौद कधी आटला न्हाई. देव आपल्या लेकरांना पुरवतो." अगं बया! देव पुरवतो का मोटार पुरवती? आणि तिचं संपतं न संपतं तोच माझ्या शेजारून तुमचा आवाज, सगळ्या मंडळीत मोठा, "आमेन!" मी तुमाला कोपरानं ढोसलं होतं, आठवतंय? घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते.

"तुमी आमेन कशाला म्हणलात?"

"हौद भरलाय हे खरं हाय की. खऱ्याला आमेन म्हणलं."

"कशानं भरला ते?"

"ते तिचं अन् देवाचं. त्यात मी कशाला शिरू?"

असल्या बाईशी भांडायचं तरी कसं? तुमी भांडणात उतरतच नव्हतात. कडेला बसून पाय हलवायचात.

एकदाच उतरलात. भर उन्हाळा होता. मी टँकरपाशी ताटकळून, चार बायांचे धक्के खाऊन घागर आणली, कंबर धरली होती, आणि ती घागर जमिनीला टेकते न टेकते तोच तुमी गल्लीतल्या शेख भाभीला सांगितलंत, "घेऊन जा माय, आमच्याकडं हाय." मग माझं तोंड सुटलं. मी म्हणलं, "देव पुरवतो, देव पुरवतो करता. देव कुठं आला होता टँकरवर? मी होते. तुमचा भरवसा देवावर अन् घागर माझ्या कंबरेवर. मी एक दिवस नळावर गेले न्हाई ना, तर कळंल तुमाला तुमचा देव किती पाणी भरतो ते." शेख भाभी बिचारी घागर तशीच ठेवून निघाली होती. तुमी तिला थांबवलंत, घागर तिच्या डोक्यावर चढवून दिलीत, आणि मग माझ्याकडं वळून, रागानं नाही, अगदी विचारल्यासारखं विचारलंत, "मग तुला कुणी धाडली?"

 मी आत जाऊन भांडी आपटली. पण तुमचं ते विचारणं म्हणजे उत्तर नव्हतं, आत्याबाई. ते माझं तोंड बंद करणं होतं. राबायचं सुनेनं आणि मोठेपणा देवाला, हा कुठला न्याय? हे भांडण मी मिटवलं नव्हतं. ते मी जपून ठेवलं होतं, कधीतरी तुमाला निरुत्तर करायचं म्हणून. आणि तुमी निघून गेलात.

शेवटच्या दिवशीही आपण त्यावरच भांडलो. मी मायला बघायला बोरीला गेले होते. संध्याकाळी एसटीनं परत आले, हातपाय धुवायला टिपाडाचं झाकण उघडलं, तर तळ. घागरी पालथ्या. गल्लीतल्या गोदामावशीची नात बाळंत होऊन घरी आली होती, त्यांच्याकडं थेंब नव्हता, म्हणून तुमी घागरी-घागरीनं सगळं टिपाड त्यांच्याकडं रितं केलं होतं. प्यायचा माठ तेवढा ठेवला होता. मी कपाळाला हात लावला. म्हणलं, "आणि उद्या आपल्या घरात कुणाला अंघोळीला पाणी लागलं तर?"

"उद्याचा देव उद्या हाय की," तुमी म्हणालात.

सकाळी तुमी ओट्यावर बसून चहा बशीत ओतलात, भिंतीला टेकलात आणि तशाच राहिलात. चहा बशीतच राहिला. मी आधी हाक मारली, मग खांदा हलवला, मग तुमच्या लेकाला बोलावलं. डॉक्टर येऊन गेला. बाया जमल्या. कुणीतरी म्हणलं, "आंघूळ घालायला पायजे, पाणी ठेवा." आणि मी टिपाडाकडं बघितलं. काल मी विचारलं होतं, कुणाला अंघोळीला पाणी लागलं तर. ते कुणीतरी तुमी निघालात, आत्याबाई. मला त्या टिपाडावर डोकं आपटावं वाटलं.

तुमचा लेक बादली घेऊन सुशीलाबाईच्या दारात गेला. ज्या माणसाची आई घरात गेलेली, तो. सुशीलाबाईनं दार अर्धंच उघडलं. "लाइट न्हाई भाऊ. मोटार चालंना. हौदात तळाला थोडं हाय, अन् आमच्याकडं पाव्हणे यायलेत." तो रिकामी बादली घेऊन परत आला. माती दिल्यावर, सगळे गेल्यावर त्यानं मला सांगितलं की ती बोलत होती तेव्हा तिच्या मागं पंखा फिरत होता.

पंखा फिरत होता, आत्याबाई! आणि कबरस्तानात सगळ्यांत मोठ्यानं गीत कुणी म्हणलं? तीच. तुमच्या पेटीवर पहिली फुलं कुणाची? तिचीच. मी तेव्हा तिच्याकडं बघत होते. तुमच्या पेटीकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघत होते. माझं तेवढंबी तिनं ओढून घेतलं.

पाणी आलं, ते सांगते. गोदामावशी आली, हातात फडक्यानं धरलेलं मोठं पातेलं. नातीच्या न्हाणीसाठी तापवलेलं पाणी, लिंबाचा पाला टाकलेलं, वाफा निघत होत्या. म्हणली, "बाळंतीण उद्या न्हाईल." ते आपल्याच टिपाडातलं पाणी होतं. तुमी दिलेलं, तापून परत आलेलं. मागून शेख भाभी कळशी घेऊन आली. मास्तरांच्या घरच्या काकू प्यायच्या पाण्याचा हंडाच उचलून घेऊन आल्या. गल्लीच्या शेवटच्या घरातली, जिच्या नळाला कधी पाणीच येत नाही, तिनं तांब्याभर आणलं. तुमाला आमी भरपूर पाण्यानं न्हाऊ घातलं. केस धुतले. तुमच्या अंगाला बाळंतिणीच्या न्हाणीचा, लिंबाच्या पाल्याचा वास येत होता.

सगळ्या बाया रडत होत्या आणि म्हणत होत्या, बघा, देवानं पुरवलं. मला मात्र राग आला होता. तुमी शेवटच्या दिवशीसुद्धा माझ्याशी भांडण जिंकलात. जिवंत असता तर मी सांगितलं असतं की त्या चार बाया धावल्या म्हणून झालं, नाहीतर माठातल्या पाण्यानं तोंड पुसून पाठवलं असतं तुमाला. आणि तुमी विचारलं असतं, त्यांना कुणी धाडलं. बोलूच नका.

रविवारी आपल्या चर्चच्या देवळात तुमच्या आठवणीची प्रार्थना होती. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, सुनेनं दोन शब्द बोलावेत. मी सगळं जुळवून ठेवलं होतं, मोटार, हौद, अर्धं दार, पंखा. एकेक गोष्ट, सगळ्या मंडळीपुढं, तिच्या तोंडावर. पण माझ्या आधी तीच उठली. "आक्का म्हणजे माझी सख्खी भईणच," म्हणली. "त्यांच्या शेवटच्या घडीला आमी धावून गेलो, देवानं आमाला सेवेची संधी दिली."

मग मी उठले. मनगट मोकळं होतं. मागं सतरंजीवर गोदामावशी, शेख भाभी, काकू अंग चोरून बसल्या होत्या, त्या काय आपल्या देवळात येणाऱ्या नव्हेत, तुमच्यासाठी आलेल्या. मी त्यांना उभं राहायला सांगितलं. म्हणलं, "ह्या गोदामावशी. ह्यांनी बाळंतिणीचं गरम पाणी आणलं. ह्या शेख भाभी, ह्यांनी कळशी आणली. ह्या काकू, ह्यांनी पिण्याचा हंडा आणला. एक माउली आज आली न्हाई, तिनं तांब्याभर आणलं. आत्याबाईंच्या अंगाला ह्यांचं पाणी लागलं. दुसऱ्या कुणाचं लागलं न्हाई." आणि खाली बसले. तिचं नाव घेतलंच नाही.

सगळं देऊळ पुढच्या बाकाकडं बघत होतं. तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले. गोड वाटलं, आत्याबाई. खोटं कशाला बोलू, गूळ खाल्ल्यावाणी वाटलं. मात्र माझं बोलून झाल्यावर कुणी आमेन म्हणलं नाही. म्हणणारीच नव्हती ना. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं.

इतके दिवस आलेल्या बायांबरोबर बाहेरच पडत होते; त्या रात्री खोलीत झोपायला गेले तर उशाशी तांब्या नव्हता. मी नवी नवरी आले तेव्हापासून तुमी रोज माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवायचात. मी कधी सांगितलं नव्हतं की उशाशी पाणी नसलं तर मला झोप लागत नाही, विहीर आटल्यापासून लागत नाही. तुमाला कसं कळलं कुणास ठाऊक. स्वतःसाठी उद्याचा थेंब न ठेवणारी बाई माझ्यासाठी मात्र रोज तांब्या भरून ठेवायची. हे मी तुमाला कधी बोलले नाही. भांडायला वेळ होता, हे बोलायला नव्हता. त्या दिवशी मी रडले. आधीचं सगळं लोकांसाठी होतं.

आता कालचं ऐका. भर दुपारी चौकातली डीपी फटाक्यासारखी आवाज करून जळाली. गल्लीची लाइट गेली, आणि त्याच वेळेला नळ आला. लाइट नाही म्हणजे मोटार नाही! आपल्या तोटीला धार, आत्याबाई, मनगटाएवढी! मी मोठ्यानं हसले. मयताच्या घरातली बाई अशी हसते का, म्हणून लोक बघायला लागले. गल्लीच्या शेवटच्या घरातसुद्धा पाणी पोचलं, तिकडून बायांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला. मी टिपाड भरलं, घागरी भरल्या, कुकर भरला. आणि सुशीलाबाईच्या उंच जोत्यावरच्या नळाला टिपूस नाही. पाण्याला वास यायला लागला, आता मोटार लावून भरू म्हणून तिनं सकाळीच हौद उपसून घासून ठेवला होता, कोरडा खडखडीत. तुमी असता तर म्हणला असता, देवाला असं हसू नये. पण खरं सांगा, डीपी कुणी जाळली?

नळ गेला. मग ती आली. हातात घागर, डोक्यावर पदर. सगळी गल्ली ओट्यावर बसून बघत होती. तिनं पूर्ण गल्ली सोडून माझंच दार का धरलं, ते तिलाच ठाऊक.

"काय पायजे?" मी विचारलं. आत ये म्हणलं नाही.

"घागरभर पाणी दे, रत्ना."

"का? लाइट न्हाई का?"

ती खाली बघायला लागली. "न्हाई."

"मोटार चालंना?"

"न्हाई."

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आमच्याकडं पाव्हणे यायलेत. तेवढं बोलायचं आणि दार लावायचं, अर्धं नाही, सगळं. आठवडाभर मी ह्याच्यासाठीच जगले होते. मी माझ्या मनगटाकडं बघितलं. कुणी धरलेलं नव्हतं.

तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणली, "त्या दिवशी लाइट होती, रत्ना. मला भ्या वाटलं. मयताला पाणी द्यायचं म्हणजे हौद किती खाली जाईल, अन् पुन्हा भरला न्हाई तर, असं वाटलं. मला रोजच वाटतं. हौद भरलेला असला तरी वाटतं."

हे ऐकून माझा राग निवला असं तुमाला वाटत असंल तर चूक. उलट वाढला. कारण ते भ्या माझ्या ओळखीचं होतं. कुकरमध्ये पाणी भरताना हात कसे घाई करतात ते मला ठाऊक आहे. तुमी तूर निवडता निवडता म्हणाला होतात, तिला तहान लय हाय. मला वाटलं होतं तुमी फक्त तिच्याबद्दल बोलायलात.

मी तिची घागर घेतली. टिपाडाचं झाकण उघडलं आणि घागर भरली, काठोकाठ, मुद्दाम. अशी की तिला सावकाश जावं लागावं, सगळ्या गल्लीनं बघावं की ती कुणाच्या दारातून पाणी नेतेय. घागर तिच्या कंबरेवर मीच चढवून दिली. जाताना तिचं लुगडं भिजलं.

मी तिला माफ केलेलं नाही. उद्याला लाइट आली आणि पलीकडून घुर्रर्र झालं, तर चप्पल पायात घालून मी नगरपालिकेत जाणार, आणि ह्या वेळेला पोचणार. हे तुमाला सांगून ठेवते. आणि घागरभर पाणी देवानं दिलं असं तिकडं कुणाला सांगत बसू नका. नळावर मी होते. घागर मी भरली, दात खाऊन भरली. आणि आत्याबाई, तिथून विचारू नका, मला कुणी धाडली ते.